वरचं गोणपाट

नवी मुंबईत थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. पूर्वी घालायचे. एका हिवाळ्यात आमची बावीस कोंबडी गेली, ती थंडीनं गेली असं आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. त्यांना तसंच माहीत असण्यात माझी सोय होती, म्हणून मी वर्षानुवर्षं थंडीची बाजू घेत आले. लग्नात, बारशात कुणी विषय काढला की मी म्हणायचे, "अहो, तळोज्याच्या बाजूला पडते बरं का, मोकळं रान आहे तिकडे." लोक मान डोलवून जेवायला लागायचे. कोंबड्यांच्या मरणाची चौकशी कोण करत बसतो?

पण ती थंडीनं गेली नाहीत. आणि ती जायच्या आधी मला हे माहीत होतं.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पाठीवर पोती वाहायचं काम. एकदा पोत्यांची थप्पी घसरली आणि ते खाली सापडले. जीव वाचला, मणक्याचं मात्र कायमचं बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे घागरसुद्धा उचलायची नाही. ज्या माणसाची सगळी ऐट त्याच्या पाठीत होती, त्याला हे तोंडावर सांगायचं असतं का? पण डॉक्टर सांगून मोकळे झाले आणि आण्णा खाटेवर पडले.

तोपर्यंत आम्ही कोपरखैरण्यात एका खोलीत राहत होतो. आईला तळोज्याच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं, तसं बिऱ्हाड नावड्याला हललं. दोन खोल्या, मागं परसदार, आणि मालकीणबाईंची भिंत अगदी लागून. मालकीणबाई तिथल्याच, आगरी. त्यांची भातशेती कॉलनीत आणि कारखान्यांत गेली होती, कोंबड्या तेवढ्या राहिल्या होत्या. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. आवाज असा की त्या घरात हळू बोलल्या तरी आमच्याकडे ऐकू यायचं.

पाच महिने आण्णांनी भिंतीकडे तोंड करून काढले. दाढी वाढली. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून पडायचे. आई कामावरून यायची, त्यांच्या उशाशी बसायची, बोलून बघायची आणि उठायची. मी तेव्हा दहावीला होते. शाळेतून घरी येताना माझे पाय जड व्हायचे, कारण घरात शिरलं की पहिली दिसायची ती त्यांची पाठ. त्या पाठीचा मला राग यायचा. खरंच सांगते, कणव फार कमी वेळा यायची.

त्यांना उठवलं ते कोंबड्यांनी. गणपतीत गावाहून चुलता आला तो पाटीत डझनभर तलंगा घेऊन, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या. "वैनीला तेवढाच हातभार," म्हणाला. पाटीवरचं फडकं काढलं तशा त्या घरभर पसरल्या. एक उडून थेट आण्णांच्या खाटेवर बसली आणि व्हायचं ते तिथंच केलं. आम्ही घाबरलो. आण्णा वळले. तिला दोन्ही हातांनी धरून त्यांनी तिच्या पंखाखाली बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "उवा झाल्यात हिला. राख आण चुलीतली."

चूल कुठली आणायची, आमच्याकडे स्टोव्ह होता. मी काकींकडे पळाले आणि राख मागून आणली. त्या दिवशी आण्णांनी बाराही कोंबड्यांना बसल्या बसल्या राख चोळली. संध्याकाळी दाढी केली. आई मोरीत तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मग खुराडं झालं. कारखान्यातून आईनं पेट्यांच्या फळ्या आणल्या. आण्णा भिंतीला टेकून, थांबत थांबत खिळे ठोकायचे, मी फळी धरायचे. पुढच्या बाजूला खालपासून वरपर्यंत जाळी. काकींनी त्यांच्याकडच्या दहा दिल्या आणि एक कोंबडा. सगळी मिळून तेवीस झाली. त्यातली एक ठिपक्यांची मात्र खुराड्यात जायचीच नाही. दिवेलागणीला उडून काकींच्या पेरूवर जाऊन बसायची. आण्णा मला तिला धरायला पाठवायचे, ती वरच्या फांदीवर जायची, काकी भिंतीपलीकडून हसायच्या. शेवटी आण्णांनी नाद सोडला. "ऱ्हा तितंच," ते पेरूकडे बघून म्हणायचे, "हिव पडू दे, मग बघतो तुझा तोरा."

हिव हा शब्द ते फार प्रेमानं उच्चारायचे. आमचं गाव महाबळेश्वराच्या डोंगराच्या अंगाला. तिथं कधीकधी गवतावरचं दव गोठतं. आण्णा लहान असताना एका पहाटे त्यांच्या कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं थंडीनं काळी पडली होती, आणि त्यांच्या वडिलांनी कोमट तेल लावून तो तुरा वाचवला होता. गावाकडे हिवाळ्यात खुराडं चहूबाजूंनी लिंपून घ्यायचं आणि पाणी गार द्यायचं नाही, एवढं शिक्षण त्यांना मिळालं होतं. त्या शिक्षणावर ते आमच्या परसात, खाडीच्या दमट हवेत, हिवाळ्याची वाट बघत होते.

मार्गशीर्षात चार दिवस बऱ्यापैकी गारठा पडला. कॉलनीतले लोक कानटोप्या घालून दूध आणायला निघाले. आण्णांनी मार्केटात निरोप धाडला आणि त्यांच्या जुन्या टोळीतल्या दोघांनी रिकामी पोती आणून दिली, बटाट्याची, चांगली घट्ट विणीची. ते दोघं चहा पिऊन गेले. जाताना एकजण म्हणाला, "मुकादम झाला की आता कोंबड्यांचा!" आण्णा इतके हसले की पाठीत कळ आली.

पोती उसवून त्यांनी गोणपाटं केली आणि दाभण-सुतळीनं खुराड्याला शिवून टाकली. शिवणीत त्यांचा हात कुणी धरला नसता. मार्केटात फाटलेलं पोतं ते चालता चालता शिवायचे. जाळी खालपासून वरपर्यंत झाकली गेली, फळ्यांच्या फटीत चिंध्या गेल्या. आत हात घातला की उबदार लागायचं. "बघ," आण्णा म्हणाले, "म्हातारीच्या वाकळंत असल्यागत हाय का न्हाय?"

पाण्याचं काम माझ्याकडे. नळाला सकाळी पाणी यायचं तासभर. ते भरून झालं की एक पातेलं स्टोव्हवर ठेवायचं, कोमट करायचं आणि आण्णांना दाखवायचं. बाळाच्या आंघोळीचं बघावं तसं ते कोपर बुडवून बघायचे. मग डालड्याचा डबा भरायचा. त्याच्या काठाजवळ भोक पाडलेलं होतं. डबा ताटात उपडा केला की कोंबड्या पितील तसं पाणी ताटात उतरायचं. हे खुराड्याच्या आत ठेवायचं, दिवसातून तीन वेळा बदलायचं. कोमट पाण्यावर कोंबड्या तुटून पडायच्या, ताट लवंडायच्या, खालचा भुसा भिजायचा. तो भुसा वाळायला ना वारा होता ना ऊन. आठवड्याभरात खुराड्याचं दार उघडलं की डोळ्यांत झोंबायला लागलं. नाकाला पदर लावून आई एकदा म्हणाली, "अहो, जरा उघडून ठेवा की दिवसाचं."

"उघडलं तर मरतील," आण्णा म्हणाले. आई आत येऊन मला म्हणाली, "करू दे त्यांना. निदान उठतायत तरी."

पहिल्यांदा कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी-निळी झाली. मग दोन कोंबड्यांची. आण्णांचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता. काळजी होती, पण काळजीच्या खाली काहीतरी उजळलं होतं. हा रोग त्यांना माहीत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच समोर असं काही आलं होतं की ज्यावरचा उपाय फक्त त्यांना येत होता. त्यांनी कोंबड्यांना दुपारचं बाहेर सोडणं बंद केलं आणि गोणपाटावर आणखी एक गोणपाट चढवलं.

काकींनी भिंतीवरून बघितलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "इतका बंद नका करू. कोंबऱ्या कोंदतील."

आण्णा त्यांना बरं म्हणाले आणि घरात येऊन हसले. "ह्यास्नी हिव ठावं हाय का? भातातली मानसं ही, जल्मात कधी बरफ बघितला न्हाय आन् मला शिकवत्यात."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येत होते तेव्हा काकींनी मला त्यांच्या दारात थांबवलं. एरवी गाव जागं करणारी बाई त्या दिवशी हळू बोलली. "अगो पोरी, तुज्या बापाला सांग, वरचा गोनपाट कारून टाक. खालशी बंद असूं दे, वरशी हवा येव दे. आन् पानी भायेर ठेवा, भुसा सगला भिजला हाय. ती थंडी नाय गो, ती आतली घान हाय, ती त्यांच्या छातीत जाते. माजा नाय ऐकत तो, तुजा ऐकल."

मी म्हटलं, "सांगते."

काकींचं खरं आहे हे मला त्याच क्षणी पटलं. रोज तीनदा त्या दारातून डोकं आत घालणारी मीच होते. आतल्या कोंबड्यांच्या छातीत घरघर व्हायची, डोळे चिकटलेले असायचे, आणि पेरूवर झोपणाऱ्या त्या ठिपकेवालीला शिंकसुद्धा येत नव्हती. यासाठी काही दहावीचा अभ्यास लागत नाही.

मी परसात गेले. आण्णा पायरीवर बसले होते, मांडीवर कोंबडा. पळीत खोबरेल तेल कोमट करून आणलं होतं. पोती ओढून ओढून घट्टे पडलेली ती जाड बोटं, त्यातलं एक ते तेलात बुडवत होते आणि तुऱ्याच्या एकेका टोकाला लावत होते, इतकं हळू की कोंबड्यानं डोळे मिटले होते. मला बघून ते म्हणाले, "माझ्या बापानं शिकवलंय हे मला. पाठ गेली, पर एवढं अजून येतंय बघ."

"आण्णा," मी म्हटलं.

"काय गं?"

"पाणी गरम करू का?"

"कर की."

एवढंच झालं. मी स्वतःला सांगितलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, परवा. मला भीती आण्णांच्या रागाची नव्हती, ते माझ्यावर कधी रागावलेच नाहीत. मला भीती त्या पाठीची होती. मी सांगेन, ते ऐकतील, गोणपाट काढतील, आणि मग आपल्याला एवढंही येत नव्हतं हे कळून पुन्हा भिंतीकडे वळतील. त्यापेक्षा कोंबड्या गेलेल्या परवडल्या, असं माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं. कोंबड्या गेल्या तरी ती पाठ वळेलच, हे पंधरा वर्षांच्या मुलीला कळू नये?

एक गोष्ट मी केली, तीही चोरून. एका दुपारी आण्णा आडवे झालेले असताना मी वरच्या कोपऱ्यातली शिवण उसवली, वीतभर. आतून भपकारा आला आणि एक कोंबडी त्या उजेडाकडे मान वर करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तो कोपरा पुन्हा शिवलेला, दुहेरी सुतळीनं, मार्केटातल्या शिवणीसारखा पक्का.

"कुणी उसवलं हुतं गं?" आण्णांनी विचारलं.

"मांजरानं असंल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "नखं लय धारदार असत्यात त्यांची," म्हणाले.

मग मरायला सुरुवात झाली. आधी कोंबडा, त्या तेल लावलेल्या तुऱ्यासकट. मग रोज एक-दोन. आण्णा सकाळी दार उघडायचे, मेलेली बाहेर काढायचे, उरलेल्यांना तेल लावायचे आणि मला पाण्याला पिटाळायचे. गारठा तर केव्हाच सरला होता, दुपारी आम्हाला पंखा लावावा लागत होता, तरी ते म्हणायचे, "आत शिरलंय हिव, निघायला येळ लागतो." त्यांनी एक प्लास्टिकचा कागद मिळवला आणि तोही वरून बांधला. मी सुतळीचं टोक धरलं. हो, मीच धरलं, आणि गाठ मारताना बोटही ठेवलं.

संक्रांतीच्या अलीकडे एका सकाळी मी पाणी घेऊन गेले तेव्हा दार उघडंच होतं. उरलेली सहा एकाच कोपऱ्यात एकमेकांवर पडलेली होती, काल मी उसवलेल्या आणि त्यांनी शिवलेल्या कोपऱ्याच्या खाली. काल म्हणते, पण त्याला दोन आठवडे झाले होते. मला अजून ते कालच वाटतं. आण्णा पायरीवर बसले होते. हातात काही नव्हतं.

तेवढ्यात पेरूवरून ठिपकेवाली खाली उतरली. धुण्याच्या दगडाजवळ पाणी साचलं होतं, रात्रभर उघड्यावर गार झालेलं. ती तिथं गेली आणि चोच बुडवून प्यायला लागली. तिचा तुरा लालभडक होता. सगळा हिवाळा तिनं उघड्या फांदीवर काढला होता.

आण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खुराड्याकडे बघितलं, वरच्या कोपऱ्यातल्या दुहेरी सुतळीकडे बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडे. त्यांना कळत गेलेलं मला दिसत होतं. मी पातेलं हातात धरून उभी होते, पाण्याची वाफ माझ्या तोंडावर येत होती.

काकी भिंतीपाशी आल्या. आत काय झालंय ते त्यांना तिथूनच दिसलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग रागानं, आणि तो राग खराच होता, मला म्हणाल्या, "अगो, तुला बोललेली ना मी? वरचा गोनपाट कारायला? बापाला सांगलास का नाय?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही.

"सांगितलं हुतं पोरीनं," आण्णा म्हणाले. "लय डाव सांगितलं. म्याच ऐकलं न्हाय."

काकींनी तोंडावरून पदर फिरवला. "बग ना," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

आण्णांनी पायरीला धरून उठायला सुरुवात केली. मी हात द्यायला पुढं झाले, तर त्यांनी नको अशी खूण केली. उभं राहायला त्यांना वेळ लागला. दारात थांबून, माझ्याकडे न बघता, ठिपकेवालीकडे बोट करून ते म्हणाले, "तिला पानी ठिव. गरम नगं. गारच चालंल."

मग ते आत गेले. त्यानंतर सहा वर्षं ते होते. त्या सहा वर्षांत ते पुन्हा कशासाठीच आपणहून उठले नाहीत, आणि तो विषय त्यांनी माझ्याशी एकदाही काढला नाही. ठिपकेवाली पुढं आम्ही काकींना देऊन टाकली.

त्या सकाळी मी पातेल्यातलं कोमट पाणी मोरीत ओतलं, माठातलं गार पाणी घेतलं आणि ताटात ठेवलं. ती प्यायली, प्रत्येक घोटाला मान वर करत. मला वाटलं, आता जावं आणि सांगावं. मला माहीत होतं आण्णा, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, कोपरा मीच उसवला होता. हात पुसून मी आत गेले. ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी खाटेजवळ उभी राहिले.

"आण्णा," मी म्हटलं, "चहा करू का?"